चूकभूल द्यावी घ्यावी

वाणिज्य शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी ‘व्यवसाय माहिती प्रणाली’ अशा नावाचा एक प्राथमिक विषय असतो. बी.कॉम. असो, बीबीए असो वा बीसीए असो, विषयाचे नाव थोडेफार बदलते, आशय बहुधा तोच राहतो. कच्ची आकडेवारी म्हणजे काय, तिच्यावर संस्कार होऊन तिची माहिती कशी होते, त्या माहितीवरून निर्णय कसे घेतले जातात, हा त्याचा आरंभ. यंत्रसामग्री, आज्ञावली, आकडेवारी, कार्यपद्धती आणि माणसे ही प्रणालीची पाच अंगे, हा पुढचा धडा. मग फळ्यावर एक त्रिकोण काढला जातो. तळाशी दैनंदिन व्यवहारांची नोंद करणारी प्रणाली, मध्ये व्यवस्थापकांना अहवाल पुरविणारी आणि शिखरावर धोरण ठरविणाऱ्यांना साहाय्य करणारी. विद्यार्थी तो त्रिकोण वहीत उतरवून घेतात, परीक्षेत पुन्हा काढतात, आणि पुढे यांतील पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या कचेरीत त्याच त्रिकोणाच्या तळाशी बसून नोंदी करू लागतात.

साहित्याला वाहिलेल्या पत्रिकेत या विषयाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. आमचे उत्तर इतकेच की, नोंद ही अखेर एक भाषिक कृती आहे. ‘अमुक माणसाकडे अमुक रक्कम येणे’ हे एक विधान आहे. ते कोणीतरी केलेले असते, कोणाविषयी तरी केलेले असते, आणि ते खरे असेल किंवा खोटे असेल. हे विधान माणसाच्या तोंडून आले तर आपण सहज विचारतो, ‘कशावरून?’ तेच पडद्यावर उमटले की हा प्रश्न आपल्या ओठांवर येत नाही. नोंद एक सांगते आणि माणूस दुसरे सांगतो, अशा वेळी खरे कोणाचे धरावे, आणि खरे-खोटे सिद्ध करण्याचा भार कोणी वाहावा? आमच्या मते हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नसून नीतीचा आहे, आणि या अभ्यासक्रमाचा पहिला धडा तोच असावयास हवा. याचे कारण सांगण्यासाठी या विद्येच्या जन्मापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

व्यापारी कामासाठी संगणकाचा पहिला नियमित उपयोग कोणा बँकेने वा पोलाद कारखान्याने केला नाही. तो केला चहा आणि केक विकणाऱ्या एका कंपनीने. इंग्लंडमधील जे. लायन्स आणि कंपनीची चहागृहे त्या काळी घराघरांत ठाऊक होती. लक्षावधी लहान लहान विक्रींवर अगदी अल्प नफा, असा तिचा धंदा असल्यामुळे हिशेबाचा खर्च वाचविणे हा तिच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. १९४७ साली तिचे दोन अधिकारी अमेरिकेत जाऊन नवी गणकयंत्रे पाहून आले. केंब्रिज विद्यापीठात चाललेल्या यंत्रनिर्मितीला कंपनीने आर्थिक साहाय्य दिले, आणि त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्याने बेकरीतील मालाच्या मूल्यांकनाचे काम हाती घेतले.

या लिओच्या कामाची एक रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चहागृहांना रोज माल पुरविण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी यंत्रात असे आणि दुकानाची व्यवस्थापिका दूरध्वनीवरून त्या दिवसापुरता फेरफार तेवढा कळवी. हवा कशी आहे, गर्दी किती होईल, याचा अदमास ज्या बाईला होता, तिचा शब्द प्रणालीत घेण्याची सोय प्रणालीतच केलेली होती. यंत्र आणि माणूस यांनी एकमेकांचे ऐकावे, ही कल्पना या विद्येच्या बालपणीच तिच्या ठायी होती.

पुढे १९५४ साली लिओची स्वतंत्र कंपनी झाली, १९६३ मध्ये ती इंग्लिश इलेक्ट्रिकशी जोडली गेली आणि १९६८ मध्ये अनेक विलीनीकरणांतून आयसीएल ही ब्रिटनची मोठी संगणक कंपनी उभी राहिली. १९९० साली तिचा बहुतांश हिस्सा जपानच्या फुजित्सूने घेतला आणि १९९८ मध्ये ती पूर्णतः त्यांची झाली. याच आयसीएलच्या एका शाखेला १९९६ साली टपाल कचेऱ्यांतून सरकारी भत्ते वाटण्याच्या प्रणालीचे कंत्राट मिळाले होते. १९९९ मध्ये भत्त्यांचे खाते त्यातून बाहेर पडले, आणि उरलेला प्रकल्प ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या शाखांचे हिशेब ठेवण्यासाठी देशभर बसविण्यात आला. त्याचे नाव होरायझन. व्यवसाय माहिती प्रणालीचा जन्म ज्या घराण्यात झाला, त्याच घराण्यात त्या विद्येची सर्वांत मोठी नाचक्की पन्नास वर्षांच्या आत सुरू झाली.

ब्रिटनमधील सब-पोस्टमास्तर हा सामान्यतः पगारी सरकारी नोकर नसतो. गावातील आपल्या लहानशा दुकानाच्या एका भागात तो कराराने टपाल कचेरी चालवितो. अनेकांनी त्यासाठी आयुष्याची पुंजी गुंतविलेली असते. होरायझन आल्यावर काही शाखांत दिवसअखेर किंवा महिनाअखेर हिशेब जुळेना. पडद्यावरील आकडा जास्त आणि पेटीतील रोकड कमी. करारातील तुटीविषयीच्या अटींचा अर्थ पोस्ट ऑफिसने असा लावला की, तूट दिसली म्हणजे ती सब-पोस्टमास्तरने भरून द्यावी. मदतीसाठी दूरध्वनी केला तर अनेकांना असे ऐकावे लागले की, ही अडचण केवळ तुम्हालाच येते आहे. एका बाईंनी सांगितल्याप्रमाणे बदल केले, तेव्हा तूट त्यांच्या डोळ्यांदेखत दुप्पट झाली. असे घडण्याची कारणे होती. डॅलमेलिंग्टन या स्कॉटलंडमधील गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोषात, २०१५ साली, ८,००० पौंडांची एकच आवक चार वेळा नोंदली गेली आणि २४,००० पौंडांची तूट निर्माण झाली. ते पैसे चोरीला गेलेले नव्हते, कारण ते मुळात कधी आलेच नव्हते.

येथे हिशेबशास्त्रातील एका लहानशा गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्याकडील जुन्या वह्यांत ‘उचंत खाते’ असे. ज्या रकमेचा उलगडा अद्याप झालेला नाही, ती तात्पुरती तिथे टाकावयाची. उलगडा झाला की योग्य खात्याला न्यावयाची. बाहेरून पाहता ही केवळ कारकुनी सोय. परंतु तिच्यात एक शहाणपण दडलेले आहे. ‘हे काय आहे ते अजून कळलेले नाही’ असे म्हणण्याची जागा त्या खात्याने वहीतच राखून ठेवलेली असते. होरायझनमध्येही शाखेच्या पातळीवर असे खाते होते. २००५ साली हिशेबाची नवी पद्धत आली, तेव्हा वादग्रस्त तुटीसाठी असलेली ती सोय काढून घेण्यात आली. यानंतर सब-पोस्टमास्तरपुढे दोन मार्ग उरले. तूट पदरची भरावी किंवा ती आपल्या नावे कर्ज म्हणून मान्य करावी. हिशेब जुळला आहे असे कबूल केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी दुकान नीट उघडता येत नसे. पुष्कळांनी नाइलाजाने जुळला म्हणून सही केली, आणि त्या सहीवरूनच पुढे त्यांच्यावर खोटे हिशेब लिहिल्याचा आरोप ठेवण्यात आला. संशयाला जागा न ठेवणारी प्रणाली प्रामाणिक माणसाला आधी खोटे बोलावयास लावते आणि मग त्या खोट्याबद्दल त्याला शिक्षा करते. आम्हांस या सर्व प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पोस्ट ऑफिस स्वतःच फिर्यादी होऊ शकत असे. १९९९ ते २०१५ या काळात ब्रिटनभर ९०० हून अधिक जण होरायझनच्या आकड्यांशी निगडित खटल्यांत दोषी ठरले, आणि त्यांतील बहुसंख्य खटले पोस्ट ऑफिसनेच चालविले होते. कोणी तुरुंगात गेले, कोणाची घरे गेली, कोणी आपल्याच गावात चोर म्हणून जगले. पुढे नेमलेल्या सार्वजनिक चौकशीचे प्रमुख सर विन विल्यम्स यांनी जुलै २०२५ मधील आपल्या अहवालाच्या पहिल्या खंडात म्हटले आहे की, निदान तेरा जणांनी या प्रकरणामुळे आत्महत्या केली असण्याची शक्यता आहे.

न्यायालयांना हे दिसले नाही काय? त्यालाही एक कारण होते. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यात असे एक कलम होते की, संगणकाचा कागद पुरावा म्हणून द्यावयाचा असेल तर तो संगणक नीट चालत होता हे दाखविले पाहिजे. ही अट फार जाचक आहे असे मानून १९९९ च्या कायद्याने ती काढून टाकली, आणि पुढील वर्षी तो बदल अमलात आला. त्यानंतर उलट दाखविले जाईपर्यंत यंत्र बरोबर चालते असेच गृहीत धरले जाऊ लागले. होरायझन देशभर बसत होते तो नेमका हाच काळ. आता यंत्र चुकले हे दाखविण्याचा भार आरोपीवर, आणि यंत्राच्या अंतरंगाच्या किल्ल्या फिर्यादीकडे! फुजित्सूचे कर्मचारी दुरून शाखांच्या हिशेबात बदल करू शकत होते, ही गोष्ट तर वर्षानुवर्षे नाकारली गेली.

अ‍ॅलन बेट्स या माजी सब-पोस्टमास्तरने हा प्रश्न लावून धरला. २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ने सात जणांच्या कहाण्या छापल्या, तेव्हा ‘केवळ तुम्हालाच’ हे वाक्य खोटे होते हे शेकडो माणसांना एकदम कळले. पुढे ५५५ जणांनी दावा केला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळे खोटी तूट दिसू शकत होती, असा निर्णय दिला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली, आणि मे २०२४ मध्ये संसदेने कायदाच करून शेकडो निकाल एकदम पुसून टाकले.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. माणसे चोरी करतात हे खोटे नाही. मुनीम वहीत खाडाखोड करतो, रोखपाल खिशात घालतो, आणि यंत्राला लोभ नसतो. संगणकीय हिशेबामुळे कितीतरी अफरातफरी उघडकीस आल्या आहेत. प्रत्येक नोंदीवर ‘कशावरून?’ असे विचारीत बसल्यास कोणतीही बँक सायंकाळपर्यंत टिकणार नाही. विश्वास ही व्यवहाराची गरज आहे. शिवाय, यंत्रावर अविश्वास दाखविण्याची मुभा दिली की खरा चोरही त्याच आडोशाला लपेल, हा आक्षेप निर्बुद्ध नाही. पोस्ट ऑफिसमधील सर्वच अधिकारी दुष्ट होते असेही मानावयाचे कारण नाही. त्यांतील अनेकांनी पडद्यावर जे दिसले ते प्रामाणिकपणे खरे मानले असेल.

आमचे म्हणणे असे की, व्यवहारापुरता विश्वास आणि दंडापुरता विश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोंदीवर विसंबून पाव किती भाजावेत हे ठरविणे ठीक. ती चुकली तर चार पाव उरतील. तिच्यावर विसंबून एखाद्याला तुरुंगात धाडावयाचे असेल तर तिच्याकडे निराळ्या कसोटीने पाहणे भाग आहे. दुसरे असे की, सिद्धतेचा भार अशाच्या खांद्यावर असावा, ज्याला वहीच्या आत पाहता येते. ज्याला केवळ खिडकी दिसते, त्याने भिंतीमागील दोष दाखवावा असे म्हणणे हा न्याय नव्हे. यामुळे एखादा चोर सुटेल हे खरे. परंतु ज्याच्या हाती वही आहे त्याला चोरी सिद्ध करण्याची इतर साधनेही असतात. निरपराध माणसाजवळ मात्र आपल्या शब्दावाचून काही नसते.

हा विचार परका नाही. वही एकाची आणि ती वाचता न येणारा दुसरा, ही परिस्थिती दख्खनच्या शेतकऱ्याने दीडशे वर्षांपूर्वी भोगली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, आणि पुणे-अहमदनगर भागात दंग्यांचे लोण पसरले. त्यांचा रोख विशेषेकरून कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या कागदांवर होता. ते हिसकावून घेऊन जाळण्यात आले. आपल्या विरुद्ध काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याला कागद जाळणे हाच एक युक्तिवाद उरतो. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने दोन गोष्टी केल्या. न्यायालयाने रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता देवघेवीचा मुळापासून इतिहास तपासावा, असे सांगितले. आणि पावती, हिशेबाचा उतारा व पासबुक मिळण्याचा हक्क कर्जदाराला दिला. म्हणजे एकाच्याच हाती असलेल्या वहीची प्रत दुसऱ्याच्याही हाती दिली.

त्याहीपूर्वी, १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ३४ वे कलम होते. धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी पुराव्यात घेता येतील, परंतु केवळ तेवढ्यावरून कोणावर दायित्व लादता येणार नाही, असा त्याचा आशय. इंग्रज कायदेपंडित स्टीफन यांनी सिद्ध केलेल्या या कायद्याने आपल्याकडील वहीविषयी जी सावधगिरी बाळगली, ती त्यांच्याच देशाने सव्वाशे वर्षांनंतर आपल्या संगणकाविषयी बाळगली नाही, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. २००० साली या कलमात इलेक्ट्रॉनिक वह्यांचाही समावेश झाला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २८ वे कलम म्हणून कायम आहे. संगणकीय नोंदीसोबत यंत्र नीट चालत असल्याचे प्रमाणपत्र देण्याची अटही आपल्याकडे आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उद्‍भवलेल्या खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ती अनिवार्य ठरविली. तथापि प्रमाणपत्र हाही एक कागदच. ज्या व्यवस्थापकाला प्रणालीच्या आत काय चालते ते ठाऊक नाही, त्याच्या सहीला किती मोल द्यावे?

येथे आम्ही पुन्हा वर्गाकडे वळतो. रसेल अ‍ॅकॉफ या अमेरिकन विचारवंताने १९६७ साली एक गाजलेला लेख लिहिला. व्यवस्थापकांना दिशाभूल करणारी माहिती पुरविणाऱ्या प्रणाली कशा निर्माण होतात, हा त्याचा विषय. अशा प्रणालींच्या मुळाशी असलेली पाच गृहीतके त्याने खोडून काढली. त्यांतील पाचवे असे की, व्यवस्थापकाला प्रणाली कशी चालते हे कळण्याची गरज नाही, ती वापरता आली म्हणजे झाले. अ‍ॅकॉफचे म्हणणे होते की, ज्याला प्रणाली समजत नाही त्याला तिचे मूल्यमापन करता येत नाही आणि मग तीच त्याच्यावर राज्य करू लागते. हा लेख होरायझनच्या तीस वर्षे आधीचा आहे.

आजच्या पाठ्यपुस्तकांत नीतीचा विचार अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या महाविद्यालयांतून परिचित असलेल्या लाउडन दांपत्याच्या पुस्तकात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. अडचण ही की, ते एक प्रकरण म्हणून येते, त्यावर पाच-दहा गुणांचा प्रश्न पडतो आणि पुढच्या प्रकरणात विद्यार्थी पुन्हा त्रिकोणाकडे वळतो. उचंत खाते ठेवावयाचे की नाही, नोंद नाकारण्याचे बटण पडद्यावर असावे की नसावे, मदतीसाठी येणाऱ्या तक्रारी एकत्र करून कोणी पाहावयाच्या, दुरून केलेल्या बदलाची खूण शाखेला दिसावी की नाही, हे निर्णय आराखडा करतानाच होतात. त्या क्षणी ते तांत्रिक भासतात. त्यांचे नैतिक रूप वीस वर्षांनी न्यायालयात दिसते.

आपल्या जुन्या हिशेबी भाषेत ‘रुजवात’ असा एक शब्द आहे. दोघांच्या वह्या समोरासमोर ठेवून नोंदीला नोंद पडताळणे म्हणजे रुजवात. तिला दोन वह्या लागतात आणि दोन माणसे लागतात. प्रणाली एकच झाली, वही एकच झाली, म्हणजे काम वेगाने होते; परंतु रुजवातीचा पक्ष नाहीसा होतो. म्हणून जिथे वही एकच असेल, तिथे दुसऱ्या पक्षाच्या शब्दालाच दुसऱ्या वहीचा मान दिला पाहिजे. लायन्सच्या चहागृहातील व्यवस्थापिकेला तो मान होता, सब-पोस्टमास्तरला नव्हता.

आणि हिशेबाच्या अखेरीस आपल्याकडे लिहिले जाई, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. इंग्रजी बिलांवरही याच जातीची अक्षरे असतात, पण त्यांत लिहिणाऱ्याने आपल्यापुरती चूक दुरुस्त करण्याची सोय राखून ठेवलेली असते. मराठी वाक्यात मात्र देणेही आहे आणि घेणेही आहे. माझी चूक निघाली तर मी देईन, तुझी निघाली तर तू दे; चूक कोणाचीही असू शकते हे दोघांनीही आधीच मान्य केलेले आहे. ज्याने हे वाक्य प्रथम लिहिले तो कोणी तत्त्वज्ञ नव्हता, वही लिहिणारा साधा कारकून असावा. आपल्या महाविद्यालयांतील ज्या मुलामुलींच्या हाती उद्या लक्षावधी माणसांच्या वह्या असणार आहेत, त्यांना त्रिकोण शिकविण्यापूर्वी या चार शब्दांचा अर्थ शिकवावा, एवढेच आमचे मागणे आहे.